इंग्रजीचा गट कसा जमवायचा आणि कसा चालवायचा: सोलापुरात पहिल्या वर्षाला आलेल्यांसाठी

कॉलेज सुरू होतं, प्रवेशाची धावपळ संपते आणि एक दिवस इंग्रजीच्या तासाला मॅडम सांगतात, "पाच-पाच जणांचे गट करा, पुढच्या आठवड्यात सादरीकरण." वर्गात गलका होतो. ओळखीचे ओळखीच्यांकडे सरकतात. गटातल्या एकीचं इंग्रजी जरा बरं असतं, म्हणून सगळं काम तिच्या गळ्यात पडतं. ती रात्री बसून स्लाइड्स करते आणि बाकीच्यांना दोन-दोन ओळी पाठ करायला देते. ओळी म्हणून होतात, गुण मिळतात. सत्र संपलं तरी चौघांचं इंग्रजी होतं तिथंच असतं. त्या पाचवीचंही फार पुढं सरकलेलं नसतं, कारण तिनं इंग्रजी लिहिलं खरं, पण ती कुणाशी बोलली कुठं?

हा लेख मराठी, कन्नड, तेलुगू किंवा उर्दू माध्यमातून बारावी करून सोलापुरात बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला आलेल्यांसाठी आहे. ज्यांना इंग्रजी वाचून बऱ्यापैकी कळतं, पण तोंड उघडायची वेळ आली की शब्द अडतात, त्यांच्यासाठी. गटानं इंग्रजी नक्की सुधारतं, पण त्याला एक अट आहे. प्रत्येकाच्या हातात असं काहीतरी हवं, जे बाकीच्यांकडे नाही आणि ज्यावाचून काम पुरं होत नाही. मग एकमेकांना विचारावंच लागतं, ऐकावंच लागतं. ही अट पाळली तर अगदी साध्या विषयावरही गट बोलू लागतो. ती नसेल तर विषय कितीही चांगला असो, एकजण काम करणार आणि बाकीचे सही करणार.

गट कशासाठी, हे आधी आकड्यांत बघा

साठ जणांचा वर्ग, पन्नास मिनिटांचा तास. त्यात सर अर्धा वेळ बोलले, तर २५ मिनिटं उरली. ती सगळ्यांत सारखी वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला २५ सेकंद येतात. एवढ्या वेळात नाव, गाव आणि आवडता विषय सांगून होतो, बस्स. तीच २५ मिनिटं चौघांच्या गटात घातली तर प्रत्येकाला सहा मिनिटांहून जास्त बोलायला मिळतं. आठवड्यातून दोनदा बसलात तर सत्रभरात किती होईल ते तुम्हीच मोजा. बोलल्याशिवाय बोलता येत नाही आणि वर्गात बोलायला वेळच नसतो. गटाची गरज इथून सुरू होते.

पायरी पहिली: माणसं

चारजण घ्या. तिघे चालतील, पाच म्हणजे फार झाले. पाचवा माणूस हमखास बाजूला सरकतो आणि मोबाइल बघत बसतो. दोघांचा गट एक गैरहजर राहिला की मोडतो. चौघांत जरूर पडली तर दोन जोड्या पडतात, आणि हे पुढं फार कामाला येतं.

चौघं एकाच गावचे किंवा एकाच शाळेचे नसावेत. सोलापूरकरांना ही गोष्ट सोपी आहे. आपलं विद्यापीठ २००४ साली एका जिल्ह्यापुरतं निघालं, पण या एका जिल्ह्यात घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा किती! पूर्व भागातल्या विणकरांच्या घरी तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडच्या कितीतरी घरी कन्नड, शहरात उर्दू, बार्शी-माढ्याकडं मराठी. यातल्या बहुतेकांना मराठी येतंच, पण ते सगळ्यांचं सारखं नसतं. कन्नड घरातली एक, तेलुगू घरातला एक आणि मराठी घरातले दोन असा गट जमला तर इंग्रजी ही चौघांनाही सारखीच परकी. कुणी कुणाला हसत नाही. मला हा सोलापूरच्या कॉलेजांचा फार मोठा फायदा वाटतो, आणि आपण त्याचा पुरेसा उपयोग करून घेत नाही याचं वाईट वाटतं.

पातळीबद्दल म्हणाल तर चौघांत एकाचं इंग्रजी थोडं बरं आणि एकाचं थोडं कच्चं असेल तर चांगलंच. फरक फार मोठा नको. इंग्रजी माध्यमातून आलेला आणि अजून वाक्य न जुळणारा असे दोघंच समोरासमोर आले, तर पहिला कंटाळतो आणि दुसरा गप्प होतो.

मुली-मुलं एकत्र बसण्याचा काहींना संकोच असतो, काहींच्या घरी ते चालत नाही. त्यावर वाद घालू नका. चारही मुलींचा गट उत्तम चालतो. सहा महिन्यांनी वाटलं तर दोन गट एकत्र बसवता येतील.

पायरी दुसरी: वेळ आणि जागा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण बरेच गट इथंच मोडतात. मोहोळ, मंगळवेढा, वैराग, अक्कलकोटहून रोज एसटीनं ये-जा करणारे कितीतरी जण असतात. शेवटच्या तासानंतर त्यांचा जीव गाडीत अडकलेला असतो. काहीजण दुपारनंतर दुकानात बसतात, काहींना कारखान्यात पाळी असते. म्हणून वेळ ठरवताना सगळ्यात आधी एसटीवाल्याला आणि कामावर जाणाऱ्याला विचारा. दोन तासांच्या मधली मोकळी तासिका सगळ्यात चांगली. आठवड्यातून दोन बैठका, प्रत्येकी ४० मिनिटं. दोन तासांची बैठक ठरवू नका, ती होत नाही.

वाचनालयात बोलता येत नाही आणि कँटीनमध्ये ऐकू येत नाही. रिकामा वर्ग मागा. शिपाईमामांना आधी सांगून ठेवलंत तर ते कुलूप घालायच्या आत तुम्हाला हाक मारतील. हिवाळ्यात कॉलेजच्या झाडाखालचा कट्टाही चालतो. मार्चनंतर मात्र सोलापूरचं ऊन ठाऊक आहेच, तेव्हा सकाळचीच वेळ धरा. चौघांनी गोल बसायचं. ओळीत बाकावर बसलात तर कडेचे दोघे एकमेकांना ऐकूच येत नाहीत.

पायरी तिसरी: मराठी कधी, इंग्रजी कधी

"आजपासून फक्त इंग्रजी, मराठी बोलला तर दहा रुपये दंड" असा नियम उत्साहानं केला जातो. करू नका. दंड लावला की लोक इंग्रजी बोलत नाहीत, ते बोलणंच थांबवतात. दहा रुपये वाचवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे गप्प बसणं.

त्यापेक्षा बैठकीचे तीन भाग करा. पहिली पाच मिनिटं काय करायचं ते ठरवायला, हवं त्या भाषेत. मधली ३० मिनिटं काम, इंग्रजीत. शेवटची पाच मिनिटं पुन्हा हव्या त्या भाषेत: काय अडलं, कुठला शब्द सापडला नाही, पुढच्या वेळी कोण काय आणणार. मधल्या ३० मिनिटांत एखादा शब्द अडलाच तर तो मराठीत बोलून वाक्य पुढं न्यायचं. "ही वॉज व्हेरी... जिद्दी." चालेल. वाक्य थांबता कामा नये. जिद्दीला काय म्हणतात ते शेवटच्या पाच मिनिटांत बघा.

पहिल्या बैठकीत मात्र चौघांनी काही वाक्यं वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यायची आणि तोंडपाठ करायची. पाठांतराला एरवी माझा विरोध आहे, पण या वाक्यांना नाही. अडलेलं बोलणं पुन्हा चालू करायला हीच लागतात:

"से इट अगेन, प्लीज."
"डू यू मीन धिस?"
"आय डोन्ट नो द वर्ड, बट इट इज लाइक..."
"व्हॉट डू यू थिंक?"
"आय डोन्ट अग्री, बिकॉज..."
"वेट, लेट मी फिनिश."

शेवटचं वाक्य लाजाळू मुलामुलींनी आवर्जून घोकावं. आपलं बोलणं कुणी मध्येच तोडलं तर नम्रपणे ते परत मिळवायचा हक्क त्यात आहे.

पायरी चौथी: काम असं निवडा की विचारल्याशिवाय चालणार नाही

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढाच भाग वाचा.

"पर्यावरणाचं महत्त्व यावर चर्चा करा" हे गटासाठी वाईट काम आहे. चौघांकडे तीच माहिती असते, कुणाला कुणाकडून काही हवं नसतं. दोन वाक्यांत चर्चा संपते. काम असं हवं की माहिती चौघांत फुटलेली असेल.

ही कल्पना नवी नाही. १९७१ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात एलियट अ‍ॅरन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं ती शाळांमध्ये वापरली. गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं तिथं नुकतीच एका वर्गात बसू लागली होती आणि त्यांचं आपसात पटत नव्हतं. त्यानं धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. पूर्ण धडा हवा असेल तर ज्याच्याशी आपण बोलत नाही त्याचंही ऐकावं लागे. त्यानं मुलं जवळ आणण्यासाठी हे केलं. भाषा शिकणाऱ्यांना त्याचा दुहेरी उपयोग होतो.

आता हे सोलापुरात कसं करायचं ते एका उदाहरणावर नीट बघू. विषय घेऊ डॉ. द्वारकानाथ कोटणीस. आपल्या शहराचा माणूस, चौघांनाही नावानं माहीत, पण तपशील फार थोड्यांना ठाऊक. चार चिठ्ठ्या करा आणि प्रत्येकीवर इंग्रजीत चार-पाच सोपी वाक्यं लिहा. हे काम आळीपाळीनं एकानं घरी करायचं, मॅडमकडून एकदा तपासून घ्यायचं.

पहिल्या चिठ्ठीवर बालपण आणि शिक्षण: जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर, वैद्यकीय शिक्षण मुंबईत. दुसरीवर प्रवास आणि काम: जपानच्या आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसनं पाच भारतीय डॉक्टरांचं पथक पाठवलं, ते सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून निघालं, पुढं चिनी कम्युनिस्टांच्या 'आठव्या मार्ग सेने'बरोबर काम, जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख. तिसरीवर घर: त्याच रुग्णालयातल्या परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी १९४१ च्या अखेरीस लग्न, ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा, त्याचं नाव यिन्हुआ. चौथीवर अखेर आणि आठवण: ९ डिसेंबर १९४२ ला मृत्यू, चीनमधल्या शिजियाझुआंग इथं समाधी, सोलापुरात स्मारक.

प्रत्येकानं आपली चिठ्ठी पाच मिनिटं मनात वाचायची आणि मग ती उलटी ठेवायची. वाचून दाखवायची नाही, हा नियम कडक पाळा. वाचून दाखवलं की बाकीचे ऐकत नाहीत आणि वाचणाराही बोलायला शिकत नाही.

मग प्रश्न. मी कायम सांगतो की प्रत्येक प्रश्नाला निदान दोन चिठ्ठ्या लागल्या पाहिजेत. चीनला निघाले तेव्हा वय किती? लग्न आधी झालं की रुग्णालयाचं प्रमुखपद आधी आलं? वडील गेले तेव्हा मुलगा केवढा होता? चीनमध्ये एकूण किती वर्षं राहिले?

पहिल्याच प्रश्नावर काय होतं बघा.

"ही वॉज ट्वेन्टी-एट."
"हाऊ?"
"थर्टी-एट मायनस टेन. ट्वेन्टी-एट."
"वेट. व्हिच मंथ ही वॉज बॉर्न?"
"ऑक्टोबर. टेन्थ ऑक्टोबर."
"बट शिप... शिप वेंट इन सप्टेंबर."
"सो?"
"सो बर्थडे नॉट कम. ही वॉज ट्वेन्टी-सेव्हन!"

या आठ ओळींत व्याकरणाच्या चुका आहेत, त्या मुद्दाम ठेवल्या आहेत. पण तिसऱ्या माणसानं महिना का विचारला ते लक्षात घ्या. त्याला तो खरंच हवा होता, आणि तो दुसऱ्याच्या चिठ्ठीवर होता. कुणी त्याला "आता तू एक प्रश्न विचार" असं म्हटलेलं नव्हतं. इंग्रजी इथं कामाला आलं. मुलाच्या वयाच्या प्रश्नावर तर गट आपोआप गप्प होतो, कारण उत्तर निघतं जेमतेम साडेतीन महिने. मग कुणीतरी म्हणतं, "व्हेरी स्मॉल." त्यापुढचं बोलणं कुणी ठरवून दिलेलं नसतं, आणि ते खरं बोलणं असतं.

काम संपल्यावर चौघांनी मिळून दहा ओळींचा परिच्छेद लिहायचा. भूतकाळ इथं धडा म्हणून येत नाही, तो लागतोच म्हणून येतो.

याच पद्धतीनं बारा महिने पुरतील एवढे विषय आपल्या भोवती आहेत: १९३० सालचा सोलापूरचा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले चार हुतात्मे (चौघांच्या गटाला चार चरित्रं), गड्ड्याची यात्रा आणि नंदीध्वजांची मिरवणूक, उजनी धरणाचं पाणी, नान्नजचा माळढोक. ज्यांच्या घरी माग आहे त्यांनी सूत येण्यापासून टॉवेल बाजारात जाईपर्यंतचे टप्पे चार चिठ्ठ्यांवर उलटसुलट लिहावेत आणि गटानं क्रम लावावा. या कामात मागवाल्याच्या घरचा मुलगा एकदम जाणता होतो, आणि इतर वेळी गप्प बसणारा तोच इंग्रजीत समजावून सांगू लागतो.

दुसरं एक काम जोडीचं आहे आणि त्याला तयारी काहीच लागत नाही. घरातल्या सोलापुरी चादरीचा फोटो मोबाइलमध्ये घ्या. दोघं पाठीला पाठ लावून बसा. एकानं नक्षी सांगायची, दुसऱ्यानं न बघता काढायची. काठ किती रुंद, मोर कुठल्या दिशेला तोंड करून, मध्ये चौकटी की फुलं, कोपऱ्यात काय. "लेफ्ट" म्हणजे तुझा डावा की चित्रातला, यावरच पाच मिनिटं जातात. शेवटी चित्र आणि फोटो शेजारी ठेवले की कुठं सांगायचं राहिलं आणि कुठं विचारायचं राहिलं ते डोळ्यांना दिसतं. स्थळ, दिशा आणि आकार यांचे शब्द पक्के व्हायला मला यासारखं काम माहीत नाही.

पायरी पाचवी: सगळ्यांना बोलतं ठेवणं

फ्रान्समधला शेतकी अभियंता रिंगेलमन यानं माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. १९१३ मध्ये त्यानं ते छापलं. माणसं वाढली की एकूण जोर वाढतो, पण माणशी जोर कमी होतो, असं त्याला दिसलं. गटात असंच होतं. आपला वाटा वेगळा दिसत नसेल तर हात आपोआप सैल पडतो. तो माणूस वाईट आहे म्हणून नव्हे. म्हणून वाटा दिसेल अशी सोय करा.

शेंगदाण्यांचा खेळ करून बघा. प्रत्येकापुढं पाच शेंगदाणे ठेवा. एकदा बोललं की एक मध्ये टाकायचा. पाच संपले की बाकीच्यांचे संपेपर्यंत ऐकायचं. जास्त बोलणारा आपोआप जपून बोलतो, आणि न बोलणाऱ्यापुढं पाच दाणे तसेच पडलेले सगळ्यांना दिसतात, त्यालाही दिसतात. तीन-चार बैठकांनंतर याची गरज उरत नाही.

तरीही एखादी गप्पच राहते. तिला "बोल ना, बोल ना" करू नका. एक मिनिट सगळ्यांनी गप्प बसून विचार करायचा आणि दोन शब्द लिहायचे, मग जोडीत एकमेकांना सांगायचं, मग चौघांत. फ्रँक लायमन या अमेरिकी शिक्षकानं १९८१ मध्ये ही पद्धत मांडली आणि आज ती जगभर वापरतात. कारण साधं आहे: चौघांपुढं बोलायच्या आधी तिनं तेच एकदा एकीला सांगितलेलं असतं. चौघांचा गट घ्या असं मी वर म्हटलं ते यासाठीही.

कामं आळीपाळीनं बदला. एकजण घड्याळ सांभाळेल, एक लिहील, एक "व्हाय?" आणि "हाऊ डू यू नो?" असं विचारत राहील, चौथा नवे शब्द टिपेल. ज्याचं अक्षर चांगलं त्यानं कायम लिहायचं, ही सवय लगेच मोडा. लिहिणारा बोलत नाही.

पायरी सहावी: चुका

सगळ्यांच्या मनात एक शंका असते: चुकीचं बोलणारे चौघं एकत्र बसले तर चुकाच पक्क्या होणार नाहीत का? शंका खरी आहे आणि मोठ्या माणसांनाही ती आली आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ दरम्यान दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये इंग्रजी शिकवण्याचा एक प्रसिद्ध प्रयोग केला. व्याकरण शिकवण्याऐवजी मुलांना कोडी आणि कामं द्यायची, असा तो प्रयोग. त्यातही त्यांनी गटकाम मुद्दाम टाळलं, कारण मुलं एकमेकांच्या चुका उचलतील असं त्यांना वाटत होतं. त्याच काळात इतरांनी शिकणाऱ्यांचं आपसातलं बोलणं टिपून अभ्यासलं, तेव्हा ही भीती वाटते तेवढी खरी ठरली नाही. शिकणारे एकमेकांच्या चुका फारशा उचलत नाहीत, आणि बरोबर वाक्य चुकीचं "दुरुस्त" करणंही क्वचितच घडतं.

मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. गटात बोलण्याचा धीर आणि वेग येतो. अचूकपणा गटातून आपोआप येत नाही, त्याची वेगळी सोय करावी लागते. ती अशी: एक समाईक वही ठेवा. बोलणं चालू असताना कुणाला थांबवून दुरुस्त करायचं नाही. शब्द टिपणाऱ्यानं चुकीची वाटलेली वाक्यं फक्त उतरवून घ्यायची, नावं न लिहिता. शेवटच्या पाच मिनिटांत त्यातली तीनच निवडायची. तीनपेक्षा जास्त घेतलीत तर एकही लक्षात राहत नाही. जी आपल्याला सुटत नाहीत ती आठवड्यातून एकदा सरांना किंवा मॅडमना दाखवायची. वर्गात हात वर करायला लाजणारी मुलंही वही पुढं करायला लाजत नाहीत, आणि शिक्षकांनाही नेमकं काय अडतंय ते कळतं.

आपल्याकडच्या वह्यांत पहिल्या महिन्यात हमखास येणारी वाक्यं सांगून ठेवतो: "आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स" (हवं "आय हॅव"), "डिड यू वेंट" (हवं "डिड यू गो"), "वी डिस्कस्ड अबाउट इट" (अबाउट नको), "शी सेड मी" (हवं "टोल्ड मी"), आणि ओळख करून देताना "मायसेल्फ" (हवं "आय अ‍ॅम"). एवढी पाच सुटली तरी पहिल्या सत्राचं काम चांगलं झालं म्हणायचं.

मोबाइल

शब्दकोश म्हणून वापरा, उच्चार ऐकायला वापरा. ज्या दिवशी बैठक नाही त्या दिवशी गटावर एक मिनिटाचा आवाजी निरोप टाका: आज काय जेवलो, गाडी का चुकली, काहीही. लिहून वाचायचा नाही. दुसऱ्यानं त्यावर एक प्रश्न आवाजातच विचारायचा. एसटीत बसल्या बसल्या होतं हे.

पूर्ण परिच्छेद मराठीत लिहून भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकणं किंवा एआयकडून सादरीकरण लिहून घेणं हे मात्र करू नका. त्यातून गुण मिळतील, पण बोलण्याचा सगळा सराव त्या यंत्राचा झाला, तुमचा नाही. आधी स्वतः लिहा, मग त्याला "यातल्या चुका दाखव आणि कारण सांग" असं विचारा. हा क्रम उलटा होऊ देऊ नका.

गुणांचं सादरीकरण आलं की

अंतर्गत गुणांसाठी सादरीकरण करायचं असेल तेव्हा चांगले गटही जुन्या वळणावर जातात. वेळ कमी असतो आणि गुणांची भीती असते. त्यावर एकच युक्ती सांगतो: ज्यानं जो भाग तयार केला, तो भाग त्यानं बोलायचा नाही. आदल्या दिवशी चिठ्ठ्या टाकून भागांची अदलाबदल करायची. म्हणजे तयार करणाऱ्याला आपला भाग दुसऱ्याला पटेल असा समजावून सांगावा लागतो आणि बोलणाऱ्याला तो खरंच समजून घ्यावा लागतो. पाठांतराला जागाच राहत नाही. पहिल्यांदा हे ऐकून सगळे घाबरतात, म्हणून पहिली खेप बिनगुणांची करा, दुसऱ्या एखाद्या गटापुढं.

कुणी वारंवार येत नसेल तर आधी कारण विचारा. बहुतेक वेळा कारण घरचं किंवा कामाचं असतं. त्याला घरून करता येईल असं काम द्या: चिठ्ठ्या लिहिणं, प्रश्न काढणं. दोनदा सांगूनही काहीच येत नसेल तर शिक्षकांना सांगा, पण त्याच्यासमोर, मागून नाही.

पहिला आठवडा

पहिल्या बैठकीत ओळख आणि ती सहा वाक्यं. ओळखही अशी करा: जोडीतल्या एकानं दुसऱ्याची मुलाखत घ्यायची, आणि मग चौघांत स्वतःची ओळख करून न देता जोडीदाराची करून द्यायची. दुसऱ्या बैठकीत चादरीचं चित्र. पुढच्या आठवड्यात कोटणीसांच्या चिठ्ठ्या. ज्यानं त्या लिहायच्या त्याचं नाव दुसऱ्या बैठकीच्या शेवटीच वहीत घालून ठेवा.

सत्र संपलं की गट मोडा आणि नवे करा. चांगला जमलेला गट मोडायचं जिवावर येतं, पण चौघांना एकमेकांचं अर्धं वाक्य ऐकूनच सगळं कळायला लागलं की कुणाला पूर्ण वाक्य बोलायची गरज राहत नाही. जुनी वही दोघांनी एका गटात न्या, चिठ्ठ्यांचा गठ्ठा दुसऱ्या दोघांनी.